ताईला न दिसलेलं चर्च

मी शाळेत होते तेव्हापासून आमची ताई बायकांचे कपडे शिवते. त्या ताईनं स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा पोशाख बाहेर शिवायला टाकला, तेव्हा मला शंका आली. विचारलं तर म्हणे, खांदा दुखतो. खांदा कसला दुखतोय? माझ्या घरी आली की भिंतीकडे टक लावून बसायची आणि डोळे चोळायची. आमच्या आईची दृष्टी गेली तीही अशीच, डोळे चोळता चोळता. मग मी तिचं काही ऐकून घेतलं नाही, हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं नीट तपासलं. म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत. जवळचा चष्मा आहे तोच पुरे."

"मग मला ते चर्च का दिसत नाही?" ताईनं विचारलं.

"कुठलं चर्च?" मी म्हटलं.

"तुझ्या सोफ्याच्या वरचं. येणारा-जाणारा म्हणतो, वा, नदीकाठचं चर्च काय सुरेख आहे. मला नुसते निळे-करडे डाग दिसतात. मध्ये कुठंतरी मनोरा. दर खेपेला वाटतं, आता तोही जाणार."

मला हसू आवरेना. आमच्या ह्यांनी हौसेनं आणून लावलंय ते चित्र, इम्प्रेशनिस्ट का काय म्हणतात तसलं.

"अगं बाई, धुकं चित्रातच आहे. चित्रकारानंच तसं काढलंय. मलाही तेवढंच दिसतं."

"मग वा वा कशाला करता?"

मी पुन्हा हसत सुटले. ताई मात्र हसली नाही. पर्स उचलली आणि तडक स्वतःच्या घरी निघाली, मी तिच्या मागे.

घरी पोशाख शिवून आलेला होता. लग्न चार दिवसांवर. तिनं तो पलंगावर पसरला, उलटा केला आणि बाहीपासून उसवायला घेतला. भाची धावत आली.

"आई, काय करतेस? छान शिवलाय की."

"छानच शिवलाय," ताई म्हणाली. "पण तुझ्या लग्नात माझ्या हातचं काहीच नसणार होतं. आंधळी होणार म्हणून भ्यायले आणि शिवायचंच सोडून दिलं मी. आता हा मीच पुन्हा शिवणार."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. ते तसंच वाहू देत ती मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? दुसरी बाही घे."