खपली

चिमी शीतगृहात कामाला होती. तिथल्या गार खोल्यांचे कॉम्प्रेसर, पाइप, व्हॉल्व्ह सगळं तिच्या हाताखालचं. म्हणून भावाची जुनी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली तेव्हा वहिनीनं गॅरेज शोधलंच नाही, चिमीलाच धरून शेडमध्ये नेलं. भाऊ जहाजावर नोकरीला, इतक्यात परतायचा नव्हता. घरात चिमी, वहिनी आणि अण्णा. अण्णा म्हणजे चिमीचे वडील. त्यांचा डोळा टोचत होता आणि डोळ्यांचे डॉक्टर खिंडीपलीकडच्या शहरात.

बॉनेट उघडल्यावर चिमीनं कपाळावर हात मारला. इंजिन चालू झालं की आत एक ओढ तयार होते, तिला व्हॅक्यूम म्हणतात. त्या ओढीवर गाडीतल्या कितीतरी गोष्टी हलतात, आणि ती ओढ जागोजागी पोचवायला बारीक रबरी नळ्या असतात. इथं त्या नळ्यांचा नुसता गुंता होता. काही तडकलेल्या, एक कुठंच न जाणारी, दोन नळ्यांच्या तोंडात स्क्रू कोंबलेले. भावाला हात घालायची भारी हौस, निस्तरायचं मात्र दुसऱ्यांनी. बॉनेटच्या आतला नळ्यांच्या नकाशाचा कागद इंजिनाच्या धगीनं पार पांढरा पडला होता.

चिमीनं वहिनीकडून विणकामाची लोकर मागून घेतली. एकेक नळी कुठून निघते ते हातानं चाचपत तिनं दोन्ही टोकांना एकाच रंगाचा धागा बांधला.

"चिमे, नळ्या लावतेयस की वेणी घालतेयस?" वहिनीनं विचारलं.

तडकलेल्या नळ्या तिनं बदलल्या. जळालेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह काजळीनं अडकून बसला होता. तो काढून, रॉकेलमध्ये भिजवून, घासून मोकळा केला. मग तिचा हात इंजिनाच्या मागच्या अंगाला गेला. जळका धूर इंजिनातून बाहेर पडतो त्या ओतीव लोखंडी नळाला तिथं एक आखूड पाइप होता. पूर्वी कधीतरी धूर स्वच्छ करण्यासाठी त्यातून हवा सोडत असावेत. हवेचा पंप भावानं केव्हाच काढून टाकलेला, पाइपचा थोटका तेवढा राहिला होता, गंजानं आणि काजळीनं माखलेला. चिमीनं तोही तारेच्या ब्रशनं खरवडला. जाड खपल्या खाली पडल्या. मागं अंधार होता, दिसत काही नव्हतं, पण हाताला स्वच्छ लागलं.

गाडी चालू केली तर इंजिन अगदी शहाण्यासारखं चालायला लागलं. बारीक टिकटिक ऐकू येत होती. जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वाजतातच, असं म्हणून चिमीनं ती सोडून दिली. वहिनीनं गल्लीतून काचा उघड्या ठेवून एक फेरी मारली आणि नणंदेची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अण्णांना घेऊन निघाली. कडाक्याची थंडी होती. अण्णांना वारा अजिबात सोसत नसे. बसल्या बसल्या त्यांनी काचा वर करायला लावल्या आणि हीटर सोडायला सांगितला. चिमीला कामावर उशिरा जायचं होतं, म्हणून ती शेड झाडायला लागली.

केरात एक खपली इतरांपेक्षा मोठी निघाली. तिनं सहज उचलून पाहिली. ती गंजाची नव्हती. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं राखाडी, आणि मधोमध एक गोल उंचवटा, बुचासारखा. गॅरेजवाले भेगा बुजवायला जी लांबी लावतात, ती वाळून दगड झालेली. भावानं त्या पाइपचं तोंड लांबीनं बुजवलं होतं. आणि चिमीनं ते बूच घाण समजून खरवडून काढलं होतं.

ती खपली हातात घेऊन ती उभीच राहिली. टिकटिक व्हॉल्व्हची नव्हती. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला त्या तोंडातून धूर बाहेर पडत होता, आणि तोंड होतं मागच्या अंगाला, पुढच्या काचेखाली जी जाळी असते तिच्या अगदी जवळ. हीटर हवा घेतो ती त्याच जाळीतून.

शीतगृहात अमोनिया गळला तर माणूस नाक दाबून पळत सुटतो. या धुरातला जो वायू मारतो त्याला वास नाही. तो आधी डोकं जड करतो, मग पेंग आणतो. गाडीत म्हातारा माणूस डुलक्या घेतोय यात कुणाला काय वाटणार?

तिनं वहिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना वहिनी फोन पर्समध्ये ठेवायची, ही तिची चांगली सवय. अण्णांचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला होता. तिनं पोलिसांचा नंबर फिरवला, गाडीचा रंग सांगितला, रस्ता सांगितला. पलीकडचा माणूस विचारत होता, अपघात झालाय का. नाही झाला, ती म्हणाली, होणार आहे. त्यानं बघतो म्हटलं, पण त्याच्या आवाजावरून तिचा भरवसा बसला नाही.

शेजारच्या शिंप्याची स्कूटर दारात होती. त्याला काय सांगितलं ते तिला पुढं आठवेना. त्यानं किल्ली दिली आणि स्वतःची कानटोपीही तिच्या हातात कोंबली.

खिंडीचा रस्ता वळणावळणाचा. प्रत्येक वळणाआधी तिच्या मनात यायचं की आता कठडा तुटलेला दिसेल. वळण संपायचं, कठडा जागेवर असायचा, आणि जरा सुटका वाटते न वाटते तोच पुढचं वळण यायचं. एका ठिकाणी माणसं जमून खाली वाकून बघत होती. तिचे हात गारठून बधिर झाले होते, ब्रेक दाबला की नाही तेही कळेना. जवळ गेल्यावर दिसलं, कुणाच्या तरी ट्रकमधली पोती दरीत पडली होती. ती थांबली नाही. मधेच तिला वाटलं की आपण उगाच घाबरलोय, पाइपचं तोंड खरं तर आतून बंदच असेल, वहिनी शहरात पोचून आपल्याला हसेल. ती तसं वाटू द्यायचा प्रयत्न करत राहिली.

खिंडीच्या माथ्याअलीकडे रस्ता रुंद होतो, तिथं गाडी उभी होती. तिरकी, एक चाक मातीत. काचा आतून धुक्यानं भरलेल्या. इंजिन चालू होतं.

स्कूटर तिनं स्टँडला लावलीच नाही, तशीच पडू दिली. पुढचं दार उघडलं तर वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून होती. चिमीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तिच्या काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं आणि रस्त्याकडेला आडवं केलं. वहिनीनं डोळे किलकिले केले, उलटी केली आणि पुटपुटली, "मळमळलं म्हणून थांबले गं. अण्णांना थंडी वाजत होती, हीटर चालू ठेवला."

अण्णा मागच्या सीटवर होते. गाल लालबुंद, तान्ह्या पोराला झोपेत येतो तसा रंग. चिमीनं हाका मारल्या, गालावर मारलं. डोकं नुसतं एका बाजूला कललं. अंगानं ते किरकोळ, पण त्या वेळी तिला ते उचलेनात. पोती पडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर मागून आला होता. बाई इतकी सुसाट का पळतेय म्हणून तो स्कूटरमागं आला, असं त्यानं पुढं सांगितलं. दोघांनी मिळून अण्णांना बाहेर काढलं. छाती हलत होती, पण इतकी हळू की चिमी प्रत्येक श्वासाची वाट बघत होती आणि मधल्या वेळात काही म्हणता काही राहत नव्हतं.

ट्रकमधूनच त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मुखवटे चढले. डॉक्टरांनी गाडी कुणी दुरुस्त केली ते विचारलं आणि चिमीनं आपलंच नाव सांगितलं. वहिनीचं डोकं संध्याकाळपर्यंत हलकं झालं. अण्णा शुद्धीवर आले, पण शब्द सापडेनात. चमच्याला ते "ते खायचं" म्हणायचे, चिमीला ओळखायचे पण तिचं नाव ओठांवर येत नसे. हळूहळू बरंचसं परत येईल, डॉक्टर म्हणाले, सगळं येईलच असं नाही.

भावाचा जहाजावरून फोन आला तेव्हा चिमीनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ती लांबी तात्पुरतीच लावली होती, नंतर नीट करायचं राहून गेलं.

वहिनीनं चिमीला एका शब्दानंही दोष दिला नाही. तेच चिमीला जास्त सोसवेना. शेवटी स्वयंपाकघरात तिनंच विषय काढला.

"तुला माझ्यावर राग नाही का आला?"

"आला ना," वहिनी म्हणाली. "पण रस्त्यावर डोळे उघडले तर तूच दिसलीस. आता दोन्हीचं काय करू ते मलाच कळत नाही."

गाडी विकायची ठरली. पण आहे तशी दुसऱ्याच्या गळ्यात मारायला चिमी तयार नव्हती. एका अनुभवी गॅरेजवाल्याकडून तिनं तो ओतीव नळच बदलून नवा घेतला, पाइपचं भोकच नसलेला. तो काम करत असताना ती शेजारी उभी राहिली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग शीतगृहाच्या बॉयलरवाल्याकडून धुरातला वायू मोजायचं छोटं यंत्र मागून आणलं. गाडी उघड्यावर काढली, इंजिन चालू केलं, हीटर सोडला, काचा वर केल्या आणि यंत्र मांडीवर घेऊन आत बसली.

यंत्र शून्य दाखवत होतं. तिचा हात तरी दाराच्या कडीवरच होता. कानात नाडी ठणकत होती, डोकं जड वाटत होतं, आणि हे खरंच जड आहे की भीतीनं, हे तिला ठरवता येईना. यंत्र बिघडलं असेल तर? दार उघडून बाहेर पडावं असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं.

पलीकडचं दार उघडलं. वहिनी आत येऊन बसली आणि तिनं दार लावून घेतलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं यंत्राकडे पाहिलं नाही, समोर बघत बसून राहिली.

"आणखी किती वेळ?" तिनं विचारलं.

"जरा वेळ," चिमी म्हणाली.