पहिल्याचा लॅपटॉप

जुने कॉम्प्युटर विकायला जाण्याआधी त्यांच्या हार्ड डिस्क पुसायच्या, हे त्याचं काम. "डिलीट केलं म्हणजे गेलं नव्हे," तो नव्या माणसांना बजावायचा. "यादीतून नुसतं नाव उडतं. वर दुसरं काही लिहिलं, तरच खालचं कायमचं जातं."

त्यामुळे बायकोने पहिल्या नवऱ्याचा लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला, यात नवल नव्हतं. तो माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती, यांच्या लग्नाला दोन.

"ताईच्या मुलीला द्यायचाय," ती म्हणाली. "हवं ते मी काढून घेतलंय. बाकीचं पुसून टाका."

हवं ते म्हणजे काय, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळायला लागला. मेलेल्या माणसावर काय जळायचं, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी दुसऱ्या दिवशी कामावर त्याने पुसण्याआधी डिलीट झालेल्या फायली वर काढल्याच. एकच धड उघडली, आठवड्यापूर्वी उडवलेली. आवाजाची होती.

त्याने हेडफोन लावला. कुणी पुरुष बेसूर गात होता, मधेच शब्द विसरत होता, आणि ती हसत होती. धाप लागेपर्यंत. "अरे, पुरे रे! पोट दुखतंय माझं!"

अरे! दोन वर्षांत त्याच्या वाट्याला नुसतं 'अहो' आलं होतं. आणि असं हसू? एकदाही नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा पुसून भागलं असतं, त्याने डिस्क तीनदा पुसली.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "गेलं सगळं?"

"गेलं. किती हसायचीस गं तू!" त्याच्या तोंडून निसटलं.

तिचे हात थांबले. "पुसा म्हटलं होतं मी. ऐका नव्हतं म्हटलं."

"मग तू ते आधीच का उडवलंस?"

"ते ऐकलं की हे घर परकं वाटायचं. मला तसं वाटून घ्यायचं नव्हतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आतली जळजळ काही थांबली नाही, हेच वाईट. चार दिवस ती कामापुरतंच बोलली.

पाचव्या दिवशी भाची लॅपटॉप न्यायला आली. कोरा करकरीत पडदा बघून खूश झाली. "काका, यात आधी काय होतं हो?"

तो चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

"सांगा की," बायको शांतपणे म्हणाली. "मीसुद्धा विसरेन एखादे वेळी. तुम्ही तर नीट ऐकलंय."