इंजिनापुढे चालणारा

पुन्हा सगळे बाजूला झाले. मफलरवाले आजोबा बोलता बोलता गवतात उतरले, त्यांच्यामागून दोन बायका पिशव्यांसकट उतरल्या, आणि बाबागाडी ढकलणाऱ्या बाईने तर गाडी चक्क फुलझाडांत घातली. क्षणभराने सगळे परत वाटेवर आले आणि गप्पा मागील पानावरून पुढे सुरू. आपण का उतरलो, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बायजा मात्र भर उन्हात हातातला झाडू घेऊन थिजून उभी राहिली.

ही बाग म्हणजे जुनी सायडिंग. माजिवड्यापलीकडच्या कारखान्यात इथून वॅगनी जायच्या. कारखान्याला टाळं लागलं, रूळ उपटले, आणि नव्या इमारतींतल्या लोकांना पाय मोकळे करायला लाल मातीची वाट झाली. तिथे बायजाला झाडलोटीचं काम मिळालं. नशीबही मेलं थट्टेखोर! याच वाटेवर तिचा नवरा दामाजी इंजिनाच्या पुढे चालायचा. सायडिंगला फाटक नव्हतं. म्हणून हातात झेंडा, तोंडात शिट्टी घेऊन माणसं-बकऱ्या हाकलत पुढे तो, आणि मागून इंजिन. एका दुपारी इंजिन कारखान्यात पोचलं, दामाजी पोचला नाही. रक्ताचा थेंब नाही की चप्पल नाही. "आत्ता तर पुढे चालत होता ओ," एवढंच ड्रायव्हर सांगत राहिला. त्याला बारा वर्षं झाली. बायजाचं कुंकू तसंच होतं.

आता लेकीचं, चित्राचं, लग्न दारात होतं. उद्या हळद. हळदीआधी धवलारीण गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन आवतण देते.

"आये, बाबांचं नाव घ्यायचं की नाय?" चित्राने सकाळी विचारलं होतं. "धवलारीण दोनदा येऊन गेली."

"जित्या मानसाला पितरांत बसवू?"

"आणि गेलेले असले तर? नाव नाय घेतलं तर माझ्या लग्नात ते उपाशी राहतील ना गं."

बायजाने झाडू उचलला आणि ती कामावर निघाली.

आणि आता गवतात उतरलेले ते लोक पाहून तिला एकदम उमगलं. दामाजी चालतोय अजून, माणसं बाजूला करत! झेंडेवाल्याने आपणहून थांबायचं नसतं, समोरून लाल झेंडा दिसला तरच थांबायचं. आणि दामाजी तर असा हुकमाचा ताबेदार, की सासुरवाडीला कुणी 'बसा' म्हणेपर्यंत दारात उभा राहायचा. बिचाऱ्याला थांब म्हणायला कुणी आलंच नव्हतं.

हळदीच्या दिवशी भरल्या घरातून ती निघाली, तेव्हा पाहुण्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. जाताना तिने लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडून घेतलं. तो त्याचाच जुना लाल झेंडा होता.

बागेत लोक गवतात उतरू लागताच ती वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि झेंडा आडवा धरला.

"ओ मावशी, बाजूला व्हा!" आजोबा ओरडले, आणि आपण का ओरडलो म्हणून स्वतःच गोंधळले.

तळपायांखाली माती थरथरली. गरम तेलाचा वास आला, त्यात ओळखीचा घामाचा. बायजाने झेंडा खाली येऊ दिला नाही. थरथर तिच्या पावलांपाशी येऊन थांबली.

"पोचली गारी," ती म्हणाली. "घरा चल आता. पोरीची हलद हाय."

समोर कुणीच नव्हतं. हातातलं फडकं तेवढं कुणीतरी हळूच ओढल्यासारखं झालं, आणि सुटलं. बायजाला रडू कोसळलं. तिच्या मागून येणारी एक मुलगी गवतात न उतरता वाटेच्या मधोमध सरळ चालत निघून गेली.

संध्याकाळी मांडवात धवलारीण गेलेल्यांची नावं घेत घेत थांबली आणि बायजाकडे पाहू लागली. बायजाने पदराने कपाळ पुसलं.

"दामाजी," ती म्हणाली. "घे त्याचा नाव. लांबून चालत आलाय, पयला पानी दे."