लय कुणाची चढते

प्रेमला बेताल आहे, हे झाशीतल्या यच्चयावत मराठी माणसांना एकोणतीस वर्षं ठाऊक होतं. यच्चयावत म्हणजे किती, तर गणपतीत खंडेराव गेटजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये मावतील तितकी. पण बदनामीला तेवढी पुरतात.

लग्नानंतरचा तिचा पहिला गणपती होता. आरती सुरू झाली आणि तिने हौसेने झांजा उचलल्या. तबल्यावर नवरा, सुभाषचंद्र. तो रेल्वेत क्लार्क होता, पण दर रविवारी पासावर ग्वाल्हेरला जाऊन गुरुजींकडे आठ वर्षं तबला शिकला होता, त्यामुळे मंडळात तालाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. तिसऱ्या कडव्यात त्याने तबला थांबवला, दोन्ही हात वर केले आणि हसत हसत सगळ्यांना म्हणाला, "माफ करा मंडळी, आमच्या हिचा आणि तालाचा छत्तीसचा आकडा आहे. अगदीच बेताल!" अख्खा हॉल हसला. कुणीतरी तिच्या हातातून झांजा काढून घेतल्या, तेही अगदी प्रेमाने, आणि तिला खिरापत वाटायला पाठवलं. तेव्हापासून ती खिरापतच वाटत होती.

तो विनोद मात्र दर वर्षी ताजा व्हायचा. प्रेमलाताई, टाळ्या हळू वाजवा हं, सुभाषभैया चुकतील. सुरुवातीला तिला रडू यायचं, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता एक दिवस तिने गुणगुणणंच सोडून दिलं. पोळ्या लाटतानासुद्धा तोंडातून सूर निघेना. सीपरी बाज़ारातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गाणं-बजावणं सुभाषचंद्राचं आणि भांडी घासणं तिचं, अशी वाटणी होऊन गेली. तो रोज सकाळी तासभर हात चालवायचा, आणि सात मात्रांचा रूपक, दहांचा झपताल, सगळं भिंतीपलीकडून तिच्या कानावर पडत राहायचं.

यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी गुडघ्यासाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. भोपाळला नोकरी करणारी मुलगी मयुरा होळीला आली होती. तिने आपले जुने हेडफोन आईच्या कानांवर चढवले.

"आई, तू ना, हे ऐक. पूरे तेईस मिनट का एक गाणं आहे. दोन गाणी झाली की तुझं चालणं खतम."

पहिल्या दिवशी प्रेमला नुसती भडकली. घरी येऊन तिने चप्पलही न काढता मयुराला धारेवर धरलं.

"हे काय लावून दिलंस? चार मिनिटं झाली तरी माणूस गायला उठत नाही. आधी चर्चमधली पेटी, मग बासरी, मग एकदम भांडण जुंपल्यासारखे ढोल. आणि चाल मधेच बदलते. रेकॉर्डिंग खराब आहे का?"

"खराब नाही गं. प्रोग्रेसिव्ह रॉक आहे. असंच असतं."

"मग गायचं कधी?"

"उसका मन होगा तब."

दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. पण प्रेमला हट्टी होती, आणि एकदा वेळ घालवला की त्याचं काहीतरी वसूल झालं पाहिजे असा तिचा स्वभाव. महिनाभर तिने तेच गाणं ऐकलं, रेल्वेच्या मैदानाला फेऱ्या घालत. हळूहळू तिला वळणं कळायला लागली. आता बासरी थांबेल, आता ढोलवाला एक घाव राखून ठेवेल. घाव राखला की तिचा पायही आपोआप थबकायचा. शेजारून चालणारे लोक बघायचे, बघू देत.

मग मयुराने प्रोग्रेसिव्ह मेटल पाठवलं. ते ऐकून प्रेमलाने हेडफोन काढून पिशवीतच टाकले. गिटारी लोखंड कापल्यासारख्या चालल्या होत्या आणि एक बुवा गात नव्हताच, बेंबीच्या देठापासून ओरडत होता. दुसऱ्या दिवशी मात्र पाण्याच्या टाकीपाशी थांबून तिने तोच तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशीही. इतकं रागावता येतं माणसाला? आणि तेही इतक्या शिस्तीत? तो गडी एवढा संतापला होता, पण त्याच्यामागचा एकही घाव जागचा हलत नव्हता. प्रेमलाला आजवर राग यायचा तेव्हा तिच्या हातून ताट पडायचं, शब्द अडकायचे, आणि सुभाषचंद्र म्हणायचा, "बघ, रागातसुद्धा ताल नाही." तिला त्या ओरडणाऱ्या माणसाचा सरळ सरळ हेवा वाटला.

मेच्या कडक उन्हात एका सकाळी तिला कळलं की आपण मोजतो आहोत. गिटारीचा एक तुकडा सारखा फिरून येत होता आणि तिच्या ओठांत आपोआप बोल आले होते. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. सात. चपखल बसत होते. पुढे तो तुकडा दोनदा सातचा, एकदा आठचा झाला, तरी ती सुटली नाही. तिने तिथूनच मयुराला फोन लावला.

"सात आहे ना गं हे? आणि मधे एकदा आठ?"

पलीकडून मयुरा ओरडलीच, "आई, हे मोजायला मला दोन साल लागले होते. तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. प्रेमला बाकावर बसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईला सात आणि आठ एकापाठोपाठ पेलतात, ती आरतीतल्या साध्या आठ मात्रांत बेताल कशी?

घरी येऊन तिने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मागच्या गणपतीचा व्हिडिओ काढला. मयुराने फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. ठेक्याबरोबर पडद्यावर बोट आपटत राहायचं, की मिनिटाला किती ठोके पडतात ते दिसतं. आरतीच्या सुरुवातीला आकडा आला अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या कडव्याला एकशे एकतीस. तिने त्याआधीच्या वर्षाचा व्हिडिओ लावला, त्याच्याही आधीचा लावला. दर वर्षी तेच. तिसऱ्या कडव्याला सुभाषचंद्र सुटायचा आणि त्याच्यामागे अख्खं मंडळ धापा टाकत धावायचं. धावणाऱ्यांना आपण धावतोय हे कळत नव्हतं, कारण सगळेच धावत होते. जो जागेवर उभा राहील तो मागे पडलेला दिसणार. एकोणतीस वर्षांपूर्वी ती तेवढी जागेवर उभी राहिली होती.

तिने कुणालाही काही सांगितलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट ती चालत राहिली, मोजत राहिली. पाच, सात, अकरा. एका गाण्यात ढोलवाल्याचे हात एक मोजायचे आणि पाय दुसरंच, तेही तिने सोडवलं. राग रोज वाढत होता, पण आता ताट पडत नव्हतं.

गणपतीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला तिने खिरापतीचं पातेलं दुसऱ्या बाईच्या हातात दिलं आणि झांजा उचलल्या.

"प्रेमलाताई, आप?" मंडळाची सेक्रेटरी क्षमा म्हणाली. "भैया, सांभाळून हं आज!"

हशा पिकला. सुभाषचंद्रही हसला आणि त्याने ठेका धरला. दोन कडवी ठीक गेली. तिसऱ्याला तो सुटला, अगदी ठरल्यासारखा. प्रेमला सुटली नाही. तिची झांज जिथे पडत होती तिथेच पडत राहिली. अर्धे लोक तबल्यामागे गेले, अर्धे मधे अडकले, आरतीचा पार चिवडा झाला. सुभाषचंद्राने तबला थांबवला आणि तेच ओळखीचं हसू हसत दोन्ही हात वर केले.

"प्रेमला, अगं..."

ती थांबली नाही. तबल्याशिवाय नुसती झांज वाजत राहिली. पुढच्या रांगेत खुर्चीवर भाऊसाहेब बसले होते. वय चौऱ्याऐंशी, दम्याचे पेशंट. दर वर्षी दुसऱ्या कडव्यानंतर ते नुसते ओठ हलवायचे. आज त्यांचा आवाज चालू राहिला, खरखरीत पण पुरता. त्यांच्या मागून एकेक जण आला आणि आरती त्याच चालीने शेवटाला गेली.

"आज श्वास पुरला बुवा," भाऊसाहेब म्हणाले.

बाकी कुणाला काही कळलं नाही. आरती आज जरा लांबली का, असं एकाने विचारलं. क्षमाने प्रेमलाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "घरी काही झालंय का? भैयांशी भांडण? असं सगळ्यांच्या सामने बरं नाही दिसत हो." म्हणजे बाई अजून बेतालच होती, वर भांडखोरही झाली होती. प्रेमलाला झांजा भिंतीवर फेकाव्याशा वाटल्या.

परतताना दोघं ऑटोत बसली. चित्रा चौराहा मागे पडल्यावर सुभाषचंद्र म्हणाला, "लय चढते माझी."

"माहीत आहे. मोजलीय मी."

"तसं नाही गं. मला आधीपासून माहीत आहे. गुरुजींनीच सांगितलं होतं ग्वाल्हेरला. म्हणाले, तुम्हारी लय चढती है सुभाष, तुम मंच पर मत बैठना. म्हणून तर मी मंडळात बसलो. इथे कोण बघतंय?"

प्रेमला त्याच्याकडे वळली. "आणि त्या दिवशी? मला थांबवलंत तेव्हा?"

तो गुडघ्यावर बोटं फिरवत राहिला. "तेव्हाही कळलं होतं. तू जागा सोडेनास, लोक माझ्याकडे बघायला लागले. नवं लग्न, मंडळातला मान. काहीतरी बोलून गेलो. मग एकदा बोललेलं परत कसं घेणार?"

इतके महिने तिला वाटत होतं की या माणसाला कळत नाही. न कळणाऱ्यावरचा राग तिने कसाबसा पेलला होता. पण याला कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि हा दर वर्षी तिच्या समोर बसून तो विनोद ऐकून हसत होता. पोळ्या लाटताना ती मुकी झाली, तेही याने बघितलं होतं. तिला त्याच्या शेजारी बसवेना, पण ऑटोत सरकायला जागा नव्हती.

"उद्या सांगायचं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"आता या वयात? प्रेमला, घरातली गोष्ट घरात राहू दे."

"बेताल म्हणालात ते घरात म्हणाला होतात?"

त्याने ऑटोवाल्याला पुढचं वळण दाखवलं. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. सुभाषचंद्राने तबल्यावरचं कापड काढलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मंडळी, एक सांगायचंय. आजपासून आरतीची लय प्रेमला धरेल. मी तिच्या मागून वाजवीन. तिलाही जरा संधी मिळायला हवी."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा भैया! किती बड़ा दिल तुमचा!" क्षमा म्हणाली. "प्रेमलाताई, नशीब काढलंत हो."

सुभाषचंद्राने मान खाली घातली, पण त्याने त्या टाळ्या घेतल्या. प्रेमलाने ते बघितलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तरीही आवाज निघाला तो स्वच्छ, एकही शब्द न अडखळता.

"मन मोठं नाहीये त्यांचं. त्यांची लय चढते. मी इथे लग्न होऊन आले तेव्हाही चढत होती. मी बरोबर होते आणि ते चुकत होते, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तरी त्यांनी मला बेताल म्हटलं, आणि तुम्ही सगळे एकोणतीस वर्षं हसलात." ती नवऱ्याकडे वळली. "हो की नाही? मोठ्याने सांगा."

टाळ्या केव्हाच विरल्या होत्या. क्षमा जमिनीकडे बघत होती. सुभाषचंद्राने एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"हो," तो म्हणाला.

"मागे ऐकू नाही आलं."

"हो. माहीत होतं मला."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. तो तसूभरही उतरला नाही. तिने झांजा हातात घट्ट धरल्या.

"मग वाजवा आता," ती म्हणाली. "माझ्या मागून."