टाचेएवढे भोक

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. गालिचा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर राजवाडा येत असेल, तर तो कृपा करून बाजूला ठेवा. मी जेमतेम एका पलंगाएवढा, मातकट तांबडा, आणि एका कडेला माझी नक्षी विणतानाच तिरकी गेलेली. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी का, असा प्रश्न मलाही पडतो. पण माझ्यात एक भोक आहे, आणि त्याची हकिकत मी सांगितली नाही तर ती कोणीच सांगणार नाही.

नक्षी चुकल्यामुळे कारखान्याने मला स्वस्तात काढून टाकले आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणले. त्यांचे पायाचे मशीन गुळगुळीत फरशीवर चालता चालता पुढे सरकत असे. ते एका जागी राहावे म्हणून मी त्याच्याखाली गेलो. त्यांना दोन मुले होती, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. दुपारी दोघे माझ्यावर पालथी पडून अभ्यास करत. आईच्या पायाची लय माझ्यातून त्यांच्या पोटापर्यंत पोचे. मुलगी त्या लयीवर टाच आपटत काहीबाही गुणगुणे आणि मुलगा दोन पट्ट्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा बडवे.

"तुमच्या गोंधळात माझी शिवण वाकडी जाईल हं," आई म्हणत. पण पाय थांबवत नसत.

मुले मोठी झाली. दादा लाकूड कापायच्या गिरणीत लागला. चिमणी, म्हणजे धाकटी, तिला घरात याच नावाने हाक मारत, ती चष्म्याच्या दुकानात लागली. गिरणीतला एक उंच, अबोल मित्र गिटार वाजवी, त्याला सगळे लंबू म्हणत. तिघांनी मिळून बँड काढला. दादा ड्रम वाजवणार, चिमणी गाणार.

पहिल्या कार्यक्रमाला मी नव्हतो, पण त्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की असल्यासारखाच आहे. ड्रमच्या संचातला मोठा ड्रम पायाने वाजवतात. फरशी गुळगुळीत होती. प्रत्येक ठोक्याला ड्रम थोडा पुढे सरके आणि दादा स्टुलासकट त्याच्यामागे. शेवटच्या गाण्यापर्यंत तो चिमणीच्या शेजारी येऊन पोचला. लोक पोट धरून हसले. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी त्यांना तेवढेच आवडले.

दुसऱ्या दिवशी दादाने आईला विचारले, "आई, गालिचा देतेस?"

"आणि माझं मशीन काय हातात धरून बसू?"

"त्याच्याखाली जुनी चादर घाल ना."

"न्या बाबा. पण परत आणताना झटकून आणा."

असा मी रंगमंचावर आलो. रंगमंच हाही तसा मोठाच शब्द. काचसामानाच्या दुकानावरचा हॉल, वाचनालयाचे तळघर, सायकलींच्या दुकानामागची खोली, एका उपाहारगृहातला टेबले हटवून केलेला कोपरा. पोस्टरवर आमचे नाव 'आणि इतर' असे असे. समोर बसलेले निम्मे लोक आमच्यानंतर वाजवणाऱ्यांचे मित्र असत आणि ते आमच्याकडे पाठ करून गप्पा मारत. एकदा तर समोर फक्त हॉलचा रखवालदार होता. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "छान होतं. आता खुर्च्या उचलायला मदत करता का?" त्यांनी केली. घरी जाताना गाडीत तिघे त्या 'छान'बद्दलच बोलत होते.

माझ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या. ड्रमच्या पायांच्या, स्टुलाच्या आणि अगदी पुढे, लोकांच्या दिशेला, एक फुली. ती चिमणीची जागा. मला पसरले की कोणी कुठे असायचे हे विचारावे लागत नसे. दादा अनवाणी वाजवी. त्याचे उघडे तळवे, चिमणीच्या बुटांच्या कडक टाचा आणि लंबूचे झिजलेले तळ, मी माणसे एवढ्यावरूनच ओळखतो.

मग दादाचे कान जाऊ लागले. दिवसभर गिरणीतली करवत आणि संध्याकाळी ड्रम. आधी उजवा कान गेला, मग डावाही विझत चालला. दादाने कोणाला सांगितले नाही. कोणी काही विचारले की तो ओठांकडे बघून हसून मान हलवी. पण गाण्यात हसून भागत नाही. तो मध्येच पुढे धावे, मध्येच मागे पडे. पाठ करून बसलेले लोकही वळून बघू लागले.

एका संध्याकाळी चिमणीने पुढची फुली नखाने खरवडून काढली आणि ती मागे, दादाच्या डाव्या पायाजवळ येऊन उभी राहिली. "पुढे दिवे डोळ्यांवर येतात," एवढेच म्हणाली. गाणे सुरू झाले आणि तिने टाच आपटायला सुरुवात केली. लहानपणी आपटे तशी, पण जोरात. तो ठोका माझ्यातून दादाच्या उघड्या तळव्यात शिरला आणि त्याचे हात जागेवर आले. त्याला वाटले, लय आपल्याच पायात आहे. माणसाला हवे ते पटकन पटते.

त्यानंतर कित्येक वर्षे असेच चालले. ती कोपऱ्यातून गाई आणि तिची टाच माझे धागे एकेक करून तोडत राही. आई एकदा त्या भोकाच्या कडेला टाका घालायला निघाल्या, तर चिमणी म्हणाली, "राहू दे गं, पुन्हा उसवेलच."

मग एका नावाजलेल्या बँडचा व्यवस्थापक चुकून आमच्या कार्यक्रमाला आला. त्यांची गायिका सोडून गेली होती. तो चिमणीला म्हणाला, "आवाज फार चांगला आहे तुमचा. पण तिकडे कोपऱ्यात का उभ्या राहता? दिसतसुद्धा नाही." आणि त्याने तिला आपल्या बँडमध्ये बोलावले. गावोगाव जायचे, मोठ्या सभागृहांत गायचे. उत्तर महिनाअखेर द्यायचे होते.

"नाही जायचं मला," घरी जाताना गाडीत ती म्हणाली. दादाला कळावे म्हणून त्याच्याकडे तोंड करून म्हणाली.

"का?"

"नाही म्हटलं ना."

"भित्री आहेस तू," दादा चिडून म्हणाला. "पुढे उभं राहायची हिंमत नाही, म्हणून माझ्या ड्रमआड लपतेस. उद्या म्हणशील दादामुळे राहिलं."

 मी चिमणीच्या पायांशी गुंडाळलेला होतो. तिच्या टाचा माझ्यावर टेकल्या होत्या, अगदी स्थिर.

त्याच आठवड्यात कोणीतरी माझ्यावर कॉफी सांडली. दादाने मला धुऊन गच्चीच्या कठड्यावर उन्हात घातले, आणि माझ्यातून उन्हाचा एक गोल त्याच्या छातीवर पडला. तो भोकाकडे बघत राहिला. मग त्याने मला जमिनीवर पसरले, स्टुलाच्या खुणांमध्ये उकिडवा बसला आणि डावा पाय त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला. भोक त्या पायाला लागूनच होते. त्याने त्यात आपली टाच घालून पाहिली. मावली नाही. लहान पायाचे होते ते.

लंबू वायर गुंडाळत होता. दादाने त्याला विचारले, "हे कशानं पडलं?"

लंबू वायरकडेच बघत राहिला.

"तुला माहीत होतं?"

लंबूने मान वर करून सावकाश म्हटले, "आम्हाला ऐकू येतं ना रे."

पुढच्या कार्यक्रमाला चिमणी दुकानातून थेट आली, तेव्हा मी पसरलेला होतो. पुढे, जुन्या जागी, नव्या चिकटपट्टीची फुली होती.

"दादा, मला तिथून..."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. "तिथेच उभी राहा. आणि त्या माणसाला हो म्हणून कळव."

ती पुढे गेली. पहिले गाणे त्याने कसेबसे निभावले. दुसऱ्यात तो वाट चुकला. मग त्याने ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या आणि खाली वाकून तळहात माझ्यावर टेकला. चिमणी मागे वळली नाही. ड्रमशिवाय गात राहिली. पण तिची टाच पडतच होती, आणि त्या गाण्यातले जेवढे त्याच्यापर्यंत पोचवता आले, तेवढे मी पोचवले. सगळे पोचले नसेल. जुन्या लोकरीतून किती जाणार?

चिमणी त्या बँडबरोबर गेली. तिची पत्रे येतात, ती स्वतः क्वचित येते. ड्रम विकले गेले. मी पुन्हा आईंच्या मशीनखाली आहे. आता आईंचे गुडघे दुखतात, मशीन थोडाच वेळ चालते. तेवढा वेळ दादा शेजारी जमिनीवर बसतो, हात माझ्यावर ठेवून. आईंनी एकदा सुईदोरा काढला होता. दादाने मानेनेच नको म्हटले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे फार दिवस उरलेले नाहीत. पण तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला काढाल, तेव्हा ती आधी एकदा उजेडासमोर धरा. कुठे झिजली आहे ते बघा. तिथे कोण उभे राहत होते ते आठवा, आणि ते माणूस जवळपास असेल तोवर त्याला हाक मारा.