उजवीकडची गिटार

थोरल्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? गिटारला जाड तारा चढवल्या. सूर इतके खाली उतरवले, की त्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबू लागल्या. गळा असा खरवडला, की शेजारच्या काकूंनी दाराबाहेरूनच विचारलं, "बरं नाही का रे? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर." तरी हेवी मेटलचं गाणं हलकंच. रागावलेल्या डासाइतकं.

कारण त्याला ठाऊक होतं. डाव्या स्पीकरमधली गिटार त्याची, उजवीकडची धाकट्या भावाची, ही त्यांची जुनी वाटणी. चाल एकच, वाजवायची दोघांनी. धाकटा केसभर मागे राहायचा आणि थोरला त्याच्या नावाने खडे फोडायचा. आता कळत होतं, सगळं वजन त्या केसभर फटीत होतं. दोघांनी कपाट उचललं की पावलं थोडी चुकतातच. त्यावरूनच तर बघणाऱ्याला कळतं, कपाट जड आहे.

धाकटा लग्न करून, नोकरी धरून दुसऱ्या शहरात गेला होता. थोरल्याने फोन लावला.

"दादा, तुझीच कॉपी करून टाक ना उजवीकडे."

"टाकली. दोन्ही मिळून एकच गिटार ऐकू येते."

"आणि परत वाजवून?"

"तेच. माझा हात चुकतच नाही."

"काय पण दुःख एकेकाचं!"

"एखाद्या रविवारी ये की. वाजवून जा."

"गिटार विकली रे. पाळण्याला जागा नको?"

"माझी घे."

"बघतो," धाकटा म्हणाला. त्यांच्या घराण्यात याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

रविवार आला, धाकटा नाही आला. थोरल्याने हेडफोनमध्ये स्वतःची डावी गिटार लावली, डोळे मिटले आणि वाजवणारा दुसराच कुणी आहे, आपण फक्त त्याच्या मागून जायचं, असं मनाशी धरलं. बऱ्याच खेपा फुकट गेल्या. मग एकदा दोन्ही बाजू लावल्या, तर खिडकीची काच थरथरली.

त्याने गाणं पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याचा लगेच फोन आला.

"काय जड वाजतंय रे! मी एवढं बरं वाजवायचो? कधी रेकॉर्ड केलेलं आपण हे?"

"गेल्या वर्षी. जुन्या फायलींत सापडलं."

"म्हणजे आता मी यायला नको."

"नको."

"सुटलो बाबा!"

मग धाकट्याने नव्या घरातल्या गळक्या नळाची कहाणी लावली. थोरल्याने ती शेवटपर्यंत ऐकली, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं काय, तेही विचारलं.