खळ वाळेपर्यंत

त्या वर्षी ताणे गल्ली साडेपाच फुटांनी कमी भरली.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही विणकरांची गल्ली. पूर्वी इथं रस्त्यावरच ताणे, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरून त्यांना खळ लावायचे. आता माग बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, पण दसऱ्याआधीच्या रविवारी मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक ताणा अजूनही बांधतात. सूत दरवर्षी तेवढंच घेतात. यंदा ते टाकीपाशी पोचून जमिनीवर लोळायला लागलं. श्यामलाने लोळणारा भाग टेपने मोजला, पुन्हा मोजला आणि वहीत लिहिलं : पाच फूट सहा इंच.

"टेप ढिला धरला असशील," नरसय्यामामा म्हणाले. ते मोजणी समितीचे प्रमुख.

"दोन्ही वेळा तेवढंच आलं, मामा."

श्यामला चिलवेरी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. गल्लीचा इतिहास लिहून काढायचं काम समितीने तिच्यावर सोपवलं होतं, कारण तिला आकड्यांचा कंटाळा येत नसे.

गल्ली कमी भरली म्हणजे काय झालं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेलेल्या माणसाचा आवाज हरवला की त्याच्या उंचीएवढा रस्ता जातो. म्हणून प्रत्येक गेलेल्याचा आवाज एका जिवंत माणसाकडे ठेवलेला असतो. एकाकडे एकच. आपलं माणूस आपल्याकडे देत नाहीत. रडणाऱ्याच्या तोंडात आवाज बिघडतो, असा अनुभव आहे. आवाज हरवला तरी ताण्याची खळ ओली असेपर्यंत तो दुसऱ्याला उचलता येतो. खळ वाळली की ते माणूस सगळ्यांच्याच डोक्यातून जातं, पोटच्या पोरांच्याही. श्यामलाच्या वहीत अशा सात ओळी होत्या. उंची लिहिलेली, पुढे काहीच नाही.

तिच्याकडे मामांची गेलेली बायको राजव्वा होती, उंची चार फूट अकरा. रोज चार वाजता मामा येऊन उंबऱ्यावर बसत.

"आज काय म्हणाली?"

श्यामला डोळे मिटायची आणि तिच्या तोंडून राजव्वा करवादायची, "साखर घातलीय चहात. ढवळायला आता माणूस ठेवू का?"

मामा मान हलवत, तृप्त होऊन घरी जात.

ऑक्टोबरच्या उन्हात खळ वाळायला दोन तास पुरतात. श्यामला यादी घेऊन निघाली. पाच फूट सहा इंचाचे तिघे होते. पहिला शाबूत होता. देवळाशेजारच्या म्हातारीने त्याच्या आवाजात एक सणसणीत शिवी हासडून दाखवली. दुसराही होता, गात होता. तिसरं नाव तिने वाचलं नाही. वही मिटून ती घराकडे वळली. शेजारच्या पोशव्वाची भिंत सरकत श्यामलाच्या दारापर्यंत आली होती. आत जायला अंग चोरावं लागलं.

तिसरे तिचे वडील. तीन वर्षं ते पोशव्वाकडे होते. रात्री भिंतीपलीकडून कांड्या भरता भरता पोशव्वा त्यांच्या आवाजात म्हणायची, "श्यामे, झोप आता. पुस्तक उद्या पण असतंय." मग श्यामला दिवा मालवायची.

श्यामला पलीकडे गेली, तेव्हा पोशव्वा चरख्यापाशी बसली होती. चरखा फिरत होता, कांडीवर सूत नव्हतं.

"पोशव्वा, अप्पा काय म्हणतात?"

"कोण अप्पा?"

"माझे वडील. अंबादास."

"अगंबाई," पोशव्वा कौतुकाने म्हणाली. "तुला वडील होते?"

श्यामला ताण्यापाशी परतली. देवळाकडची खळ पांढरी पडू लागली होती. अप्पांचा चष्मा कुठल्या कानाकडे कललेला असे, हे तिने येता येता आठवून पाहिलं. तेवढं गेलं होतं.

"अंबादास," ती मामांना म्हणाली. "पोशव्वाकडून सुटले."

गल्लीत एकवीस जिवंत आणि एकवीस गेलेले. बाकीची पोरं पुण्याला, हैदराबादला. पोशव्वाच्या तोंडात आता काही टिकणार नव्हतं. रिकामं तोंड एकही नव्हतं. ज्याने त्याने खाली बघितलं. मामांकडे समोरच्या सरोजाचं चार वर्षांचं गेलेलं मूल होतं, आणि सरोजा त्यांच्याकडेच बघत उभी होती.

"राजव्वाला सोड," मामा म्हणाले. "अंबादासला घे."

"आपलं माणूस आपल्याकडे घेत नाहीत," मागून कुणीतरी बोललं.

"तो नियम माणसं होती तेव्हाचा." मामांनी खळीचा कुंचला बादलीत टाकला. "घे पोरी. एका मागावर बसलोय आम्ही, मी आणि तो. वीस वर्षं."

"आणि तुम्ही?"

"मला काय? आठवलंच नाही तर दुखणार कुठून?"

"तुम्ही चारला याल."

"येईन की. पायाला सवय आहे."

खळ टाकीपर्यंत पांढरी होत आली. शेवटचे दोन हात ओले होते. श्यामला तिथं वाकली. तिने मनातल्या मनात राजव्वाला बोलतं केलं, एकदाच, आणि राजव्वा म्हणाली, "पुढं सरक गं, उजेड अडतोय." श्यामलाने ओल्या सुतावर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "चिलवेरी अंबादास."

पोशव्वाची भिंत मागे गेली. श्यामलाच्या दारापुढे साडेपाच फूट रस्ता पसरला, फरशा, गटार आणि एक सपाट दगड यांच्यासकट. त्याच वेळी मामांच्या घराची पायरी पुढे सरकली आणि विजेच्या खांबाला टेकली. कुणी तिकडे पाहिलं नाही. दहा मिनिटांत खळ वाळली. लोकांनी ताणा गुंडाळला. लांबी अजूनही जवळजवळ पाच फूट कमीच होती, पण कोण कमी आहे हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा सगळे जेवायला गेले.

श्यामला खोलीत बसून राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज तिच्या स्वतःच्या कानात होता, भिंतीपलीकडून येत नव्हता. अप्पा खाकरले. भाजीचा भाव विचारावा तशा सहजपणे त्यांनी तिचा पेपर कसा गेला ते विचारलं. तिने उत्तर दिलं. ती हसली, आणि मग रडली, आणि रडताना अप्पांचा आवाज किंचित फाटला, म्हणून ती रडायची थांबली.

"श्यामे," अप्पा म्हणाले, "दार उघड. नरसय्या आलाय."

चार वाजले होते. मामा उंबऱ्यात उभे होते, बसले नव्हते. धोतर परीटघडीचं, केस पाणी लावून बसवलेले. हातात केळीच्या ओल्या पानात गुंडाळलेली शेवंतीची वेणी होती.

"बाजारातनं घेतली," ते म्हणाले. "रस्ताभर विचार करतोय. कुणासाठी घेतली असेल गं मी?"

श्यामला आठवू लागली. उत्तर आपल्याकडे असायला हवं, एवढंच तिला आठवत होतं.

मामांनी दोन्ही हातांनी वेणी पुढे धरली. हात भरून आले तरी त्यांनी ती खाली घेतली नाही, आणि पानातलं पाणी उंबऱ्यावर टपटपत राहिलं.